गच्चीवर रेंज, घरात नाही: कंपनी 'नेटवर्क ठीक आहे' म्हणते तेव्हा काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: "नागपूरच्या बेसा भागात पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर फोर-जी, फाइव्ह-जी सगळं मिळतं. घरात आलं की कॉल तुटतो, नाहीतर आपला आवाज समोरच्याला जात नाही. बाबांचा फोन बहुतेक वेळा 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' असतो आणि त्यांना हृदयाचा त्रास आहे, म्हणून काळजी वाटते. तक्रार केली की दोन दिवसांत 'आपल्या परिसरात नेटवर्क व्यवस्थित आहे' असा मेसेज येतो आणि तक्रार बंद होते. ऑनलाइन बूस्टर मिळतो तो घ्यावा की नंबर पोर्ट करावा?"

बूस्टर घेऊ नका. पोर्ट कदाचित करावं लागेल, पण ते नंतर. आधी घरातल्या सिग्नलचा आकडा हातात घ्या. तुमची तक्रार वारंवार बंद होते ती हा आकडा कुणाकडेच नसल्यामुळे.

मी विदर्भात मोबाइल नेटवर्कच्या रेडिओ बाजूचं काम करतो. ड्राइव्ह टेस्ट (गाडीतून फिरत सिग्नल मोजणं), अँटेनाची दिशा आणि झुकाव ठरवणं, तक्रारींची जागेवर जाऊन तपासणी, हे माझं रोजचं काम. तुमच्यासारखी तक्रार येते तेव्हा पडद्यावर सगळ्यात आधी दोन गोष्टी बघितल्या जातात: त्या भागातला टॉवर चालू आहे का, आणि त्याच्यावर एखादा अलार्म आलेला आहे का. टॉवर चालू असला की 'परिसरात नेटवर्क व्यवस्थित' असा शेरा पडतो. ड्राइव्ह टेस्ट गाडीतून होते, म्हणजे रस्त्यावर होते. तुमच्या लेआउटच्या रस्त्यावर सिग्नल चांगला असेल तर नकाशावर तुमची इमारतही हिरवीच दिसते. बाबांच्या खोलीत कुणी मोजलेलंच नसतं. ते तुम्हालाच मोजावं लागेल. त्याला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक हँडसेट कंपनी आपापलं ठरवते. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन फोनमध्ये एकात चार आणि एकात दोन दांड्या दिसू शकतात. खरा आकडा आत असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मध्ये जा आणि तिथे 'सिम स्टेटस' उघडा. 'सिग्नल स्ट्रेंथ'समोर '-112 डीबीएम' असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं एकक. आयफोनवर *3001#12345#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं, त्यात 'आरएसआरपी' शोधा, सिग्नलची ताकद सांगणारा आकडा तोच. आकडा नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीसाठी माझा अंदाज असा: -90 किंवा त्याहून बरा असेल तर निर्धास्त राहा. -100च्या आसपास कामचलाऊ. -110च्या खाली कॉल कुरकुरायला लागतो आणि -118, -120ला तुटतोच. आणखी एक लक्षात असू द्या, हे आकडे सरळ बेरीज-वजाबाकीचे नाहीत. 3 डीबी कमी झाले की सिग्नल निम्मा होतो, 10 कमी झाले की दहावा हिस्सा उरतो. -90 आणि -120 यांत फरक 30चाच दिसतो, पण सिग्नल हजार पटीने घटलेला असतो.

गच्ची, बाल्कनी, हॉल आणि बाबांची खोली अशा जागी फोन मिनिटभर स्थिर धरा आणि आकडा लिहा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊच्या सुमारास. मग शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असेल त्यांना बोलावून त्यांच्या फोनचा आकडाही त्याच जागी घ्या. वहीत तारीख आणि वेळ टाका, स्क्रीनशॉट ठेवा.

एवढ्यावरून बहुतेक वेळा निदान होतं. गच्चीवरच -108 असेल तर टॉवर लांब आहे, त्यात इमारतीचा दोष नाही. खोलीत -90 असूनही रात्री नेट रडतं आणि पहाटे सुसाट पळतं, तर टॉवरवर गर्दी आहे. म्हणजे रेंज आहे, पण जागा नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखोंची गर्दी जमते तेव्हा फुल दांड्या असूनही फोन लागत नाही, तो हाच प्रकार. म्हणून कंपन्या अशा ठिकाणी गाडीवरचे फिरते टॉवर आणून उभे करतात. त्याच कंपनीच्या सिमवर दुसरा फोन नीट चालतो आणि तुमचाच अडतो, तर फोन किंवा सिम बघा. परदेशातून आणलेल्या काही फोनमध्ये आपल्याकडचे सगळे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, नसतात. मागे लोखंडी पट्टी असलेलं कव्हरही कधी कधी अडवतं. आणि गच्चीवर -80 पण खोलीत -115, तर सिग्नल इमारत खाते. तुमचं वर्णन वाचून मला तरी हेच वाटतं.

इमारत सिग्नल खाते म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो. विटांची भिंत थोडा सिग्नल अडवते, काँक्रीट त्याहून बरंच जास्त. एका काँक्रीटच्या भिंतीत 10 ते 20 डीबी सहज जातात. हल्ली बेसा, बेलतरोडी, वर्धा रोडच्या नव्या स्कीममध्ये बिल्डर ज्याला 'मायवान' म्हणतात ते बांधकाम वाढलंय. त्यात विटा नसतात, आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंती सळयांसकट काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. अशा घरात सिग्नल येतो तो मुख्यतः खिडक्यांतून. त्या खिडक्यांना ऊन अडवायला चंदेरी फिल्म लावली की तो रस्ताही बंद, कारण त्या फिल्ममध्ये धातूचा थर असतो. गच्चीवर टिनाचं शेड टाकलेलं असेल तर वरच्या मजल्यावर वरून येणारा थोडाफार सिग्नलही थांबतो.

आणि आपल्या नागपुरात कूलर. उन्हाळ्यात घरातल्या रेंजच्या तक्रारी घेऊन गेलो की मी आधी खिडक्या बघतो. मार्चअखेर खिडकीबाहेर स्टँडवर लोखंडी कूलर बसतो. तीन बाजूंनी पत्रा, आत ओल्या वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. रेडिओ लहरींसाठी याहून चांगला अडथळा शोधूनही सापडायचा नाही: पत्रा त्यांना परतवतो आणि पाणी शोषून घेतं. कूलरभोवतीच्या फटी थर्माकोल किंवा प्लाय लावून बुजवलेल्या असतात आणि बाकीच्या खिडक्या उन्हामुळे दिवसभर बंद. मानेवाड्यातल्या एका घरी बेडरूमची एकच खिडकी टॉवरच्या बाजूला होती आणि कूलर नेमका त्याच खिडकीत होता. पलंगावर आकडा -114. कूलर हॉलच्या दुसऱ्या खिडकीत हलवून दार उघडं ठेवलं, त्याच पलंगावर -101 आला. टॉवर तोच, फोन तोच, सिमही तेच. तुमच्याकडे त्रास मे महिन्यात वाढतो आणि पावसाळ्यात कमी होतो असं असेल तर आधी कूलरची जागा बदलून बघा. फायबरच्या कूलरचा त्रास लोखंडीपेक्षा कमी, पण ओल्या ताट्या त्यातही असतातच. उन्हाळ्यात फोन स्वतःही तापतो. तापला की तो आपली ताकद आवरती घेतो आणि फाइव्ह-जी सोडून फोर-जीवर येतो. दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनची रेंज तपासून काही कळणार नाही.

आता 'आपला आवाज समोरच्याला जात नाही' हा भाग. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॅटने. त्यामुळे कडेच्या जागी टॉवरचं फोनला ऐकू येतं, दांड्या दिसतात, समोरच्याचा आवाजही येतो, पण फोनचं टॉवरपर्यंत पोहोचत नाही. हे लक्षण दिसलं की तुम्ही कव्हरेजच्या अगदी काठावर आहात. बाबांच्या फोनचंही तेच. कॉल आला की नेटवर्क आधी फोनला हाक मारतं. फोनने ओ दिली तर रिंग वाजते. ओ आली नाही, किंवा फोन त्या क्षणी फोर-जीवरून टू-जीवर जायच्या धडपडीत असला, तर समोरच्याला 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येतं. फोन बाबांच्या उशाशी चालू असतो, तरीही.

फाइव्ह-जीबद्दल एक गैरसमज नेहमी भेटतो. नागपूर हे एअरटेलच्या पहिल्या आठ फाइव्ह-जी शहरांपैकी एक होतं, ऑक्टोबर 2022 मध्ये. तेव्हापासून लोकांना वाटतं की फाइव्ह-जी आलं म्हणजे घरातली रेंज सुधारेल. पण फाइव्ह-जीचा वेग मुख्यतः 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून येतो आणि त्या लहरी भिंतीत शिरायला 850 किंवा 900 मेगाहर्ट्झपेक्षा कितीतरी कमजोर असतात. घरात फाइव्ह-जीची खूण येत-जात असेल तर बाबांच्या फोनमध्ये 'प्रेफर्ड नेटवर्क' फोर-जी करून ठेवा. वेग थोडा जाईल, कॉल टिकेल. सोनेगाव, जयताळ्याच्या बाजूच्या लोकांसाठी आणखी एक माहिती: विमानाच्या उंचीमापक यंत्राला अडथळा होऊ नये म्हणून दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2022 मध्ये विमानतळांच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटरपर्यंत या पट्ट्यातले टॉवर लावू नका असं कंपन्यांना कळवलं होतं. विमानतळाजवळ फाइव्ह-जी उशिरा पोहोचण्यामागे हेही एक कारण आहे.

'व्हीओएलटीई', म्हणजे फोर-जीवरूनच कॉल जाण्याची सोय, चालू आहे ना, हेही बघा. जिओकडे टू-जी, थ्री-जी नाहीच, त्यामुळे तिथे ते बंद असलं तर साधा कॉल लागतच नाही. बाकीच्यांकडे कॉल टू-जीवर ढकलला जातो आणि लागायला वेळ घेतो.

बाबांसाठी आज संध्याकाळपर्यंत होईल असा उपाय म्हणजे वायफाय कॉलिंग. घरी ब्रॉडबँड असेल तर कॉल टॉवरऐवजी राउटरवरून जातो. नंबर तोच, वेगळं अ‍ॅप नाही, वेगळा खर्चही नाही. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 'वायफाय कॉलिंग' चालू करा आणि पर्याय असेल तर 'वायफाय प्रेफर्ड' निवडा. काही फोन कमजोर टॉवरलाही चिकटून राहतात आणि वायफायकडे वळतच नाहीत. त्यांना एअरप्लेन मोडमध्ये टाकून मग वायफाय चालू केलं की कॉल त्यावरूनच जातात. फक्त बाहेर पडताना एअरप्लेन मोड काढायची आठवण राहिली पाहिजे, म्हणून वयस्कर माणसाच्या फोनमध्ये ही सवय लावू नका, त्यांच्यासाठी 'वायफाय प्रेफर्ड'च बरं. फोन फार जुना असेल तर त्यात ही सोय नसेल, मग हँडसेट बदलण्यावर खर्च करा, तो सार्थकी लागेल. आणि राउटरला छोटा यूपीएस जोडा. वादळात लाइन गेली आणि राउटर बंद पडला, तर नेमक्या गरजेच्या वेळी बाबांचा फोन पुन्हा मुका होईल.

आता बूस्टर. मिळतो, दोन-चार हजारांतही मिळतो, आणि परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे. दूरसंचार विभागाने याबद्दल जाहीर ताकीदही दिलेली आहे. पण मला कायद्याइतकंच शेजाऱ्यांचं वाटतं. हे स्वस्त यंत्र तुमच्या फोनबरोबर आजूबाजूचा सगळा गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतं. टॉवरला त्या गोंगाटात बाकीच्या फोनचा क्षीण आवाज ऐकू येईनासा होतो. एका फ्लॅटमध्ये दोन दांड्या वाढतात आणि अख्ख्या गल्लीतले कॉल तुटायला लागतात. अशी यंत्रं शोधायला आम्ही दिशा दाखवणारा अँटेना घेऊन दारोदार फिरतो, आणि बहुतेक वेळा ज्याच्या घरी ते सापडतं त्याला आपल्यामुळे काय होतंय याची कल्पनाही नसते. तुमच्या शेजारीही कुणाचे तरी बाबा असतील.

सरळ मार्ग असा की सोसायटीने मिळून कंपनीकडे इमारतीच्या आतल्या कव्हरेजची, म्हणजे छोट्या सेलची (कमी ताकदीच्या लहान टॉवरची) किंवा आतल्या अँटेनांची, लेखी मागणी करावी. पाच मजल्यांच्या एका इमारतीसाठी कंपनी चटकन तयार होत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. तीन-चार इमारती एकत्र आल्या तर चित्र बदलतं. नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी मात्र बुकिंगआधीच बिल्डरला विचारावं. ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी स्टार रेटिंग देण्याचे नियम केले आहेत. ते ऐच्छिक आहेत, पण विचारणारे गिऱ्हाईक वाढले तरच बिल्डर त्याकडे वळतील.

तक्रार कशी लिहायची ते आता. 'नेटवर्क खराब आहे, लवकर दुरुस्त करा' अशी तक्रार तपासताच येत नाही, म्हणून ती बंद होते. अशी लिहा: "अमुक पत्ता, दुसरा मजला, नकाशावरचं ठिकाण सोबत. अमुक तारखेला रात्री नऊ वाजता मागच्या बेडरूममध्ये फोर-जी सिग्नल -116 डीबीएम, गच्चीवर -82. त्याच बेडरूममध्ये दुसऱ्या कंपनीच्या सिमवर -98. व्हीओएलटीई चालू, हँडसेट अमुक. दोन वेगवेगळ्या फोनवर हाच अनुभव. घरातलं कव्हरेज तपासून लेखी उत्तर द्यावं." दुसऱ्या कंपनीच्या आकड्याची ओळ सगळ्यात कामाची. 'तुमची इमारतच तशी आहे' हे उत्तर तिथेच अडतं, कारण त्याच भिंतींतून दुसऱ्याचा सिग्नल आत येतो आहे. शेजाऱ्यांना सांगा की त्यांनीही त्याच आठवड्यात आपापल्या नंबरवरून तक्रार नोंदवावी. एकटी तक्रार ग्राहक सेवेतच फिरत राहते. एकाच ठिकाणाहून बऱ्याच आल्या की ती आमच्या रेडिओ टीमच्या यादीत चढते, मग अँटेनाचा झुकाव बदलता येईल का, नवी साइट लागेल का, याचा विचार होतो. नुसता झुकाव किंवा दिशा बदलूनही एखाद्या गल्लीचा प्रश्न सुटतो.

तक्रार 198 वर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये नोंदवा आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. न सोडवता बंद केली, तर 30 दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला फी नाही आणि निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. बहुतेक लोक 198 वर दहादा भांडतात आणि अपील एकदाही करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. अपिलाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते पुढे तुमच्याच कामी येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे वेळ घालवू नका. वरचा टप्पा हवा असेल तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे जा. नव्या गुणवत्ता नियमांनुसार, जे 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले, कंपन्यांना आपले कव्हरेज नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात. तुमचं घर त्यात हिरवं दिसत असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट अपिलाला जोडा.

थोडं कटू वाटेल असंही सांगतो. बेसा-बेलतरोडीकडे वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने टॉवर वाढले नाहीत आणि त्याला फक्त कंपन्या जबाबदार नाहीत. जागा ठरते, करार होतो, आणि सोसायटीतले पाचजण 'रेडिएशन'च्या भीतीने काम बंद पाडतात. भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि तुमच्या भागातल्या टॉवरची माहिती सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर बघता येते. टॉवर जितका लांब तितका फोन जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो, आणि फोन तर कानाला लावलेला असतो. बॅटरी लवकर उतरते तीही यामुळेच. तुमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला तर हे जरूर मांडा.

एवढं करूनही काही हललं नाही तर पोर्ट करा, पण परीक्षा घेऊन. ज्या कंपनीकडे जायचं तिचं एक प्रीपेड सिम घ्या आणि आठवडाभर बाबांच्या खोलीत वापरून बघा, रात्रीसुद्धा. मित्राला वर्धमाननगरात चांगलं चालतं याचा तुमच्या घराशी काही संबंध नाही. मग PORT लिहून, जागा सोडून, आपला नंबर टाकून 1900 वर एसएमएस करा. कोड येईल, तो चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे त्याच दूरसंचार क्षेत्रात, पोर्ट व्हायला साधारण तीन कामाचे दिवस लागतात. एका कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. जुलै 2024 पासून आणखी एक अट आहे: सिम बदलून घेतलं असेल तर पुढचे सात दिवस पोर्ट होत नाही. तपासणीच्या नादात सिम बदलणार असाल तर हे धरून चला.

आणि नुकसान खरंच मोठं झालं असेल, उदाहरणार्थ घरून कामाचे पैसे बुडाले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. पूर्वी कंपन्या 'आमची प्रकरणं तिथे चालत नाहीत' म्हणायच्या. 16 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तिथे लागतील त्या गोष्टी म्हणजे रिचार्जच्या पावत्या, सगळे डॉकेट क्रमांक, अपिलाचं उत्तर आणि तारीख-वेळेसकट ते आकडे. पहिलं मोजमाप आज रात्री घ्या.